रुळाकडेचा पालक खावा का?

माझी आई प्रश्न फार सरळ विचारते. मी पीएचडीला लागून चौथं वर्ष सुरू झालं तेव्हा तिने भाजी निवडता निवडता विचारलं, "तू एवढी वर्षं त्या रुळाकडेच्या पालकात डोकं घालून बसलीयेस. मग आता सांग, घ्यायचा की नाही?"

मी नेहमीप्रमाणे "ते अवलंबून आहे" असं म्हणायला तोंड उघडलं. तिने हात वर करून थांबवलं. "अवलंबून-बिवलंबून नको. मावशी टोपली घेऊन दारात येते. दोन मिनिटांत ठरवायचं असतं."

तर आजची पोस्ट तिच्यासाठी. आणि तुम्ही मध्य, पश्चिम किंवा हार्बर लाइनने जाता-येता खिडकीतून ते हिरवेगार वाफे बघून "हे आपल्याच ताटात येतं का?" असा विचार केला असेल, तर तुमच्यासाठीही.

आधी, हे वाफे तिथे आले कसे? शहरात शेती म्हटलं की आपल्याला गच्चीवरच्या कुंड्या आठवतात. पण मुंबईत वर्षानुवर्षं विकण्यासाठी पिकवली गेलेली भाजी गच्चीवरची नाही, रुळांलगतची आहे. रेल्वेकडे रुळांच्या दोन्ही बाजूंना मोकळ्या जमिनीच्या लांबट पट्ट्या असतात. त्या मोकळ्या ठेवल्या की अतिक्रमण होतं किंवा कचरा पडतो. म्हणून 'ग्रो मोअर फूड' या योजनेखाली हे तुकडे भाजी लावण्यासाठी रेल्वेच्याच कर्मचाऱ्यांना परवान्यावर दिले गेले. नाव १९४०च्या दशकातल्या 'अधिक धान्य पिकवा' मोहिमेचं, पण खरा उपयोग राखणदारीचा. पालक लावलेल्या जमिनीवर रात्रीत झोपडी उभी राहत नाही. प्रत्यक्षात मात्र परवाना एकाच्या नावावर आणि खुरपं दुसऱ्याच्या हातात, असं बऱ्याच ठिकाणी झालं. कसणारे बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेले. शेती येते, पण शहरात जमीन नाही, अशी ही माणसं. अलीकडे अशी शेती बंद करण्याकडे कल आहे आणि त्याचं मुख्य कारण सांगितलं जातं ते पाणी. नाल्याचं पाणी.

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण बातम्यांमध्ये तिचा नेहमी काला होतो. "घाण पाण्यावरची विषारी भाजी" या चार शब्दांत दोन पूर्णपणे वेगळे धोके एकत्र कोंबलेले असतात. एक जंतूंचा, दुसरा जड धातूंचा. दोघांचे मार्ग वेगळे आणि उपायही वेगळे. जंतू शिजवल्यावर मरतात. शिसं शिजवून जात नाही. कुकरच्या वीस शिट्या केल्या तरी ते तिथेच.

आधी जंतू. सांडपाण्यात ई. कोलाय असतात, विषाणू असतात, जंतांची अंडी असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली शेतीत सांडपाणी वापरण्याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. मला ती आवडतात, कारण त्यात "वापरू नका" म्हणून हात झटकलेले नाहीत. जगात लाखो लोक हे पाणी वापरतात, उद्याही वापरणार, हे गृहीत धरून शेतापासून ताटापर्यंत एकामागून एक अडथळे उभे करायचे, अशी ती कल्पना आहे. प्रत्येक अडथळ्याचं माप 'लॉग'मध्ये दिलंय. घाबरू नका. एक लॉग म्हणजे जंतू दहाव्या हिश्श्यावर येणं, दोन लॉग म्हणजे शंभराव्या. काढणीआधी पाणी देणं थांबवलं तर ऊन-वाऱ्याने दिवसाला अर्धा ते दोन लॉग जंतू कमी होतात. स्वच्छ पाण्याने भाजी धुतली की एक लॉग. साल काढली की दोन. झारीने पानांवर पाणी ओतण्याऐवजी ठिबकने मुळाशी दिलं तर जमिनीलगतच्या पिकांतही दोन लॉग. आणि शिजवणं? सहा ते सात लॉग.

आता हिशोब करू. समजा एका ग्रॅम पानावर १० लाख जंतू आहेत. दोन दिवस पाणी तोडलं आणि दिवसाला एक लॉग धरला, तर उरले १०,०००. धुतले, उरले १,०००. पालकाची पातळ भाजी केली, तर जवळजवळ काहीच उरत नाही. पण तीच गोष्ट कोथिंबिरीची असेल, वरून भुरभुरायची, तर ते १,००० तुमच्या पोह्यांवर आहेत. मुळ्याच्या पाल्याची कच्ची कोशिंबीर असेल तरी तेच. जंतांची अंडी तर मातीत महिनोन् महिने टिकतात, दोन दिवसांच्या उन्हाने त्यांचं काही बिघडत नाही. म्हणजे एकाच वाफ्यातली, एकाच पाण्यावरची भाजी तुम्ही तिचं काय करता यावर धोक्याची किंवा बिनधोक्याची ठरते. आईला हे पटकन पटलं. "म्हणजे पालक चालेल, कोथिंबीर नको," ती म्हणाली. मी म्हटलं, थांब, अजून धातू राहिलेत.

धातू हा माझा विषय, त्यामुळे इथे मी जरा रेंगाळणार आहे.

दोन नावं लक्षात ठेवा, शिसं आणि कॅडमियम. शिसं शहराच्या मातीत येतं जुन्या रंगांतून, बॅटऱ्यांच्या भंगारातून आणि जुन्या पेट्रोलमधून. भारतात शिसंयुक्त पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून पूर्ण बंद झालं. पण शिसं कुजत नाही, उडून जात नाही. आपल्या लहानपणी गाड्यांनी सोडलेलं शिसं रस्त्याकडेच्या मातीच्या वरच्या थरात आजही बसलेलं असतं. मुलांच्या रक्तात शिशाची अमुक पातळी सुरक्षित आहे, असं कुणीच म्हणू शकत नाही. म्हणून हा विषय "थोडंसं चालतं" म्हणून सोडून देता येत नाही.

गंमत अशी की ही दोन्ही धातूंची जोडगोळी झाडाशी अगदी वेगळी वागते. शिसं मातीच्या कणांना, सेंद्रिय पदार्थांना, फॉस्फेटला घट्ट चिकटून बसतं. थोडंफार मुळात शिरलं तरी तिथेच अडकतं, पानापर्यंत चढत नाही. मग पानात शिसं सापडतं ते कुठून? मुख्यतः बाहेरून. धूळ बसते, पाणी ओतताना माती उडते, पावसाचे थेंब आपटून चिखल पानाखाली लागतो. कॅडमियमचं उलटं. ते रसायनाच्या दृष्टीने जस्तासारखं दिसतं, आणि जस्त झाडाला हवंच असतं. मुळांमधले जस्त आत घेणारे दरवाजे कॅडमियमलाही आत सोडतात, आणि मग ते देठातून पानात आरामात पोचतं. माती आम्लधर्मी असेल तर आणखी सहज.

याचा व्यवहारातला अर्थ? शिशाचा बराचसा भाग धुऊन जातो, कॅडमियम जात नाही. पालक, माठ, मेथी अशा पालेभाज्यांत धातू जास्त सापडतात. भेंडी, वांगी, टोमॅटो अशा फळभाज्यांत कमी, कारण फळापर्यंत पोचताना झाड बरंच काही मागे ठेवतं. मुळा-गाजरात प्रश्न चिकटलेल्या मातीचा, म्हणून खसाखसा घासायचं. आणि मातीत भरपूर कुजलेलं खत घातलं, आम्लता कमी ठेवली, तर दोन्ही धातू मातीतच बांधले जातात. शेणखत फक्त पोषण करत नाही, कुलूपही लावतं.

म्हणून आमच्या प्रयोगात प्रत्येक वाफ्यातल्या पानांचे दोन भाग करतात. एक भाग तसाच, दुसरा नळाच्या पाण्याने तीनदा धुतलेला, घरी धुतो तसाच. मग दोन्ही वाळवायचे, दळायचे, नायट्रिक आम्लात विरघळवायचे आणि यंत्रात घालायचे. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे धूळ. उरलेलं म्हणजे झाडाने स्वतः उचललेलं. सांगायला सोपं आहे. पण दोनशे नमुने धुताना माझ्या बोटांची कातडी पार सोलवटली होती, हे जाता जाता.

इथेच एक सापळा आहे. कोडेक्सच्या, म्हणजे अन्नासाठी आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या मंडळाच्या, मर्यादेनुसार पालेभाजीत किलोला ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं आणि ०.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅडमियम नको. ही मर्यादा ताज्या भाजीची. आमच्या प्रयोगशाळेत मात्र मोजमाप होतं वाळवलेल्या पावडरीचं. पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. म्हणजे पावडरीत किलोला २ मिलिग्रॅम शिसं निघालं तर ताज्या पालकात ते साधारण ०.२ भरतं, मर्यादेच्या आत. पण कुणी ते '२' उचलून '०.३'च्या शेजारी ठेवलं, की लगेच "मर्यादेच्या सातपट विष!" हा मथळा तयार. पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल तेव्हा आकडा ओल्या वजनाचा की सुक्या, हे आधी शोधा. बऱ्याचदा ते लिहिलेलंच नसतं.

आता सगळ्यात अवघड भाग.

दुसऱ्या वर्षी एका तुकड्यावर माती गोळा करत होते. कसणारे चाचा साठीचे असतील. आधीच्या तीन खेपांना त्यांनी मला चहा पाजला होता, कुठल्या कोपऱ्यात जुना भराव आहे, कुठे भंगारवाला बसायचा, सगळं दाखवलं होतं. नकाशात नसलेली माहिती. चौथ्या खेपेला पिशवीवर नंबर टाकत असताना त्यांनी शांतपणे विचारलं, "बेटा, रिपोर्ट खराब आया तो हमारा क्या होगा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. संमतीपत्रावर त्यांची सही होती, मी हिंदीत वाचून दाखवलं होतं, सगळं नियमाप्रमाणे. पण त्या कागदात "तुमच्या मातीचा आकडा तुमच्याच विरुद्ध वापरला जाऊ शकतो" असं कुठे लिहिलेलं नव्हतं. त्या रात्री गाइडना फोन केला. बरीच चर्चा झाली. मग आम्ही ठरवलं की कुठल्याही तुकड्याचं ठिकाण, स्टेशनचं नावसुद्धा, छापायचं नाही. आणि प्रत्येकाला त्याचा निकाल आधी, त्याच्या भाषेत, त्याच्या वाफ्यावर जाऊन सांगायचा. (म्हणूनच या पोस्टमध्ये एकही स्टेशन नाही. मेल करून विचारू नका, प्लीज.) याने शास्त्र थोडं लंगडं होतं हे मला मान्य आहे. दुसऱ्या संशोधकाला त्याच जागी जाऊन माझे आकडे तपासता येणार नाहीत. पण ही किंमत मी समजून उमजून दिली आहे.

त्या प्रश्नामुळे मला दुसरीही एक गोष्ट दिसली. मी चाचांना विचारलं होतं, ठिबक का नाही लावत? काढणीआधी दोन दिवस पाणी का तोडत नाही? खत जास्त का घालत नाही? ते म्हणाले, परवाना दुसऱ्याच्या नावावर, पुढच्या वर्षी इथे असू की नसू ठाऊक नाही, नळ्यांत पैसे कोण घालणार? आणि दोन दिवस पाणी तोडलं तर पालक मलूल पडतो, मंडईत जुडीला भाव येत नाही. नाल्याचं पाणी फुकट आहे, बारा महिने आहे, आणि त्यात नत्र असल्याने पीक तरारून येतं. त्यांच्या जागी बसून बघितलं तर ते चुकीचं काहीच करत नाहीत. जमिनीचा भरवसा नाही म्हणून सुधारणा नाही, सुधारणा नाही म्हणून भाजी असुरक्षित, आणि भाजी असुरक्षित म्हणून जमीन काढून घ्या, असं हे चक्र आहे.

हे असंच असावं लागतं असं मात्र नाही. कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टरची पाणथळ जमीन आहे, २००२ पासून रामसर यादीत. तिथे शहराचं सांडपाणी उथळ तळ्यांत सोडतात, काही दिवस उन्हात ठेवतात, शेवाळ आणि जिवाणू ते निवळवतात, आणि मग त्यावर मासे नि भाजी होते. पाणी तेच, पण मध्ये ऊन आणि वेळ. हवानामध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यावर खतं, डिझेल, धान्य सगळं आटलं. तेव्हा १९९०च्या दशकात शहरातल्या पडीक जागांवर वाफे उभे राहिले. खालची माती खराब असेल तिथे कठडे बांधून वरून सेंद्रिय खतमिश्रित माती भरली. महत्त्वाचं हे की सरकारी जमीन कसण्याचा हक्क लोकांना मिळाला. मालकी नाही, पण उद्या कुणी हुसकावणार नाही एवढी खात्री. क्यूबाचं उगाच कौतुक नको, तो देश आजही बरंच अन्न आयात करतो. पण कठडा बांधून स्वच्छ माती भरणं हा शिशावरचा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे, आणि ज्याला पुढच्या वर्षी आपण इथेच असू असं वाटतं तोच कठडा बांधतो.

"मग रुळ सोडा, गच्च्या आहेत ना!" हे मला प्रत्येक व्याख्यानानंतर कुणीतरी म्हणतंच. गच्ची उत्तम आहे. २००२च्या आसपास मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी उष्ट्या-खरकट्यातून आणि पालापाचोळ्यातून माती तयार करून भाज्या-फळझाडं वाढवली. त्यामागे कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांच्या 'प्रयोग परिवारा'ची शिकवण होती. पण गच्चीवर माती टाकण्याआधी कृपया हे गणित करा. ओली बागेची माती घनमीटरला साधारण १,७०० किलो. एक फूट जाडीचा थर दिला तर चौरस मीटरला ५०० किलो. वावरायच्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार आहे चौरस मीटरला सुमारे १५० किलो. तिपटीहून जास्त झालं! म्हणूनच गच्चीवाले उसाचं चिपाड, काथ्याचा भुसा, वाळली पानं, कंपोस्ट असं हलकं मिश्रण वापरतात, वाफे भिंतींच्या आणि तुळयांच्या कडेला ठेवतात, सगळी गच्ची भरत नाहीत. आणि सोसायटीची इमारत चाळीस वर्षांची असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. आधी गळती होते आणि मग सोसायटीची मीटिंग, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

दुसरा हिशोब. मुंबई स्वतःची पालेभाजी स्वतः पिकवू शकेल का? पालकाचं एक पीक हेक्टरी १० टन धरू, म्हणजे चौरस मीटरला एक किलो. वर्षात सहा पिकं धरू, पावसाळा बघता हे उदारच आहे. माणशी रोज १०० ग्रॅम पालेभाजी म्हणजे वर्षाला साडेछत्तीस किलो, म्हणजे माणशी सहा चौरस मीटर. २०११च्या जनगणनेतली १ कोटी २४ लाख माणसं धरली तर ७४ चौरस किलोमीटर लागतील. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे सुमारे १०४. म्हणजे बिबट्यांच्या घराचा पाऊण हिस्सा नुसत्या पालकाला. तर नाही, मुंबई स्वतःचं पोट भरणार नाही, आणि तसं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. नाशिक, पुणे, पालघर लागणारच.

पण रुळाकडेच्या वाफ्याची तुलना नाशिकशी करायची का? ती जागा उद्या रिकामी झाली तर तिथे काय येईल, याच्याशी करायला हवी. मी ज्या तुकड्यांवर जाते त्यातला एक गेल्या वर्षी बंद झाला. या जूनमध्ये गेले तर तिथे डेब्रिजचे ढीग होते, त्यावर गुडघाभर तण, आणि मी दोन वर्षं नमुने घेतलेली माती त्या ढिगाखाली गाडलेली. पावसाचं पाणी मुरायला जागा नव्हती, ते बाजूच्या गल्लीत साचलं होतं. चाचा कुठे गेले ते शेजारच्या तुकड्यावाल्याला नक्की माहीत नव्हतं. "गाव गये होंगे," तो म्हणाला. त्यांच्या मातीचा निकाल अजून माझ्या फाइलमध्ये आहे. तो त्यांना सांगायचा राहून गेला.

तर, आई, तुझ्या दोन मिनिटांसाठी. मावशीला विचार, माल कुठला. रुळाकडचा किंवा हमरस्त्यालगतचा असेल तर कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला कच्चा खायला घेऊ नकोस. भेंडी-वांगी बिनधास्त घे. पालक-माठ घेतलास तर मुळं आणि मातीकडचे देठ कापून टाक, मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात बुडवून तीनदा धू, प्रत्येक वेळी पाणी बदल, खाली गाळ दिसेनासा होईपर्यंत. मग शिजव. घरात लहान मूल असेल तर रोज त्याच वाफ्यातला पालक नको. आठवड्यात भाज्या आणि भाजीवाल्या बदलत राहा, म्हणजे एकाच मातीतला धातू साचत नाही.

हे वाचून दाखवल्यावर आई म्हणाली, "तीनदा धुवायचं हे मला आजीने सांगितलं होतं." मग थोडं थांबून, "पण गाळ बघायचं नव्हतं सांगितलं."

पुढचे नमुने ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर. उघडे वाफे अजून अकरा आहेत.